जिवाणूंचा थर बसूच नये म्हणून

प्रश्न : कॅथेटरसारख्या (शरीरात घालायची नळी) उपकरणांवर जिवाणूंचा चिकट थर जमतो आणि तो प्रतिजैविकांनाही दाद देत नाही, असे वाचनात आले. हा थर मुळातच बसू नये, यासाठी कोणते नैसर्गिक व कृत्रिम उपाय आहेत?

उत्तर : या थराला बायोफिल्म म्हणतात. पृष्ठभागाला चिकटलेले जिवाणू स्वतःभोवती शर्करा, प्रथिने व डीएनए यांचा बुळबुळीत लगदा तयार करतात आणि त्याच्या आड राहून मोकळ्या जिवाणूंपेक्षा कित्येक पटींनी अधिक औषध पचवतात. म्हणूनच थर जमल्यावर औषधांचा मारा करण्यापेक्षा तो जमूच न देणे शहाणपणाचे.

निसर्गातले सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पुल्क्रा या लाल शैवालाचे आहे. जिवाणू रासायनिक संदेशांवरून आपली संख्या जोखतात आणि पुरेशी गर्दी झाली की थर उभारण्यासारखी अनेक कामे एकजुटीने करू लागतात. हे शैवाल फ्युरॅनोन नावाची संयुगे स्रवून त्या संदेशांतच व्यत्यय आणते, त्यामुळे जिवाणूंना न मारताही त्याची पाने बरीचशी स्वच्छ राहतात. जगण्या-मरण्याचा थेट दबाव नसल्याने येथे जिवाणूंची या उपायाविरुद्धची प्रतिकारशक्ती सावकाश वाढेल, अशी आशा आहे. मात्र ती अजिबात वाढणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

कृत्रिम उपायांत चांदीचा लेप जिवाणूंना मारतो, तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा जलस्नेही लेप त्यांना चिकटू देत नाही. शार्कच्या त्वचेवरून सुचलेली सूक्ष्म खाचांची नक्षीही हेच साधते. तथापि, शरीरातील प्रथिने लेपावर साचली की त्याचा प्रभाव ओसरू लागतो, त्यामुळे अनावश्यक कॅथेटर लवकर काढून टाकणे हाच आजही भरवशाचा उपाय आहे.