फोन टेकवूनही पैसे का जात नाहीत?

प्रश्न : फास्ट फूडच्या काउंटरवर फोन मशीनला लावते, पण बरेचदा पेमेंट होत नाही. एकदा रक्कम दोनदा कापलेली दिसली. काय चुकतं?

उत्तर : बहुतेकदा जागाच चुकते. एनएफसीचा, म्हणजे फोन आणि मशीन जवळून बिनतारी जोडणाऱ्या तंत्राचा, पल्ला जेमतेम ४ सेंटिमीटर. आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पाठीच्या मध्याजवळ किंवा कॅमेऱ्याखाली. मशीनवर रक्कम उमटली की फोन अनलॉक करून तोच भाग लहरींच्या खुणेवर एक-दोन सेकंद स्थिर धरा. घाईने उचललात, तर व्यवहार अर्धवट तुटतो. कव्हरमध्ये कार्ड ठेवत असाल तर ते आधी काढाच; मशीनला दोन कार्डं जाणवली की ते गोंधळतं. धातूची पट्टीही अडथळा आणते. ऑर्डरच्या किऑस्कवर पेमेंटचं यंत्र बहुधा वेगळं असतं, पडद्याला फोन लावू नका.

दोनदा दिसलेल्या रकमेपैकी एक बहुधा नुसती रोखलेली असते, काही दिवसांत सुटते. दोन्ही पक्क्या झाल्या, तर पावती घेऊन बँकेकडे तक्रार करा. पावतीवरचे शेवटचे चार अंक कार्डाशी जुळले नाहीत तरी घाबरू नका. फोन कार्डाच्या खऱ्या क्रमांकाऐवजी टोकन, म्हणजे एक पर्यायी क्रमांक, पाठवतो, म्हणून परतावा घेतानाही तोच फोन जवळ ठेवा.