जुना आणि नवा लॅपटॉप: बॅटरी ताडून कशी बघायची

"नवा घेतला, पण बॅटरी जुन्याइतकीच चालते" असं वाटत असेल, तर लगेच परत करायला धावू नका. आधी दोन्हींच्या बॅटरीचे वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते तो आकडा, बघा. तास हा आकडा फसवा असतो. २०२० मध्ये इंटेलच्या चिपची आणि ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपची अशा दोन मॅकबुक एअर आल्या. बॅटरी दोन्हींत ४९.९ वॉट-अवरचीच, पण वेब वापरासाठी ॲपलचा दावा इंटेलला ११ तास, एम१ला १५ तास! फरक सगळा चिपचा.

विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट (लिहून आज्ञा द्यायची खिडकी) उघडा, इंग्रजीत पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट. जी फाइल तयार होते, तिच्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्जला मावते ती) शेजारीशेजारी दिसतात. जुन्यात ५०,००० मिलीवॉट-अवरच्या जागी ३५,००० दिसले, तर ती बॅटरी ७० टक्क्यांवर आली आहे. म्हणजे तुलना थकलेल्या बॅटरीशी चाललीय, हे धरूनच बोला.

ब्राइटनेसची टक्केवारी सारखी ठेवून भागत नाही. नव्याचा ५० टक्के उजेड जुन्याच्या ८० टक्क्यांएवढा असू शकतो. दोन्ही शेजारी ठेवून पांढरं पान डोळ्यांना सारखं दिसेपर्यंत जुळवा, मग एकाच वायफायवर तोच व्हिडिओ लावा.

आणि हो, पहिला आठवडा मोजूच नका. अपडेट, फाइलींचं इंडेक्सिंग (शोधासाठी यादी बनवणं), फोटोंचं सिंक, सगळं तेव्हाच मागे चालू असतं.