कुत्र्याचा शॉक पट्टा माणसाला लावणं कितपत धोक्याचं?

"लेव्हल कमी ठेवली तर चालेल का" असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. गळ्याला तर अजिबातच नाही. मी सोलापुरात एमआयडीसीत बावीस वर्षं वायरमन आहे. लूमच्या मोटारी आणि पॅनेल यांतच हयात गेली, शॉक म्हणजे काय हे मला अंगावर घेऊन माहीत आहे.

माझ्या भाच्याला ऑटिझम आहे. अकरा वर्षांचा असताना गड्डा यात्रेच्या गर्दीत हात सोडून गेला, तीन तासांनी होम मैदानावर पाळण्यांच्या मागे सापडला. दाजी हादरले, ते मी समजू शकतो. पण मे महिन्यात त्यांच्या घरी गेलो तर पोराच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा! त्यानं उंबऱ्याबाहेर पाय टाकला की दाजी रिमोट दाबायचे. मी पट्टा काढला. खाली दोन फोड, त्यातला एक चिघळलेला. बहीण ओट्याकडे तोंड करून उभी होती.

दाजींचं एकच पालुपद, "मी हातावर लावून बघितलंय, मुंगी चावल्यासारखं होतं."

अहो, हात म्हणजे गळा आहे का? गळ्यात श्वासनलिका आहे. जबड्याखाली मोठ्या धमनीपाशी ज्या नसा असतात, त्या डिवचल्या गेल्या तर ठोके मंदावून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. त्यात दाजींनी कोरड्या हातावर दोन सेकंद लावलेलं. सोलापूरच्या मे महिन्यात पोरगं घामानं निथळत होतं, आणि ओल्या कातडीतून त्याच लेव्हलला जास्त करंट आत जातो. पट्ट्याचे धातूचे दोन खिळे दिवसभर रुतून बसले की जखम होते ती वेगळीच.

मी म्हणालो, "दाजी, आता मनगटाला बांधा, डोळे मिटा, रिमोट माझ्याकडे द्या." दहा मिनिटांत त्यांनी पट्टा काढून टाकला. मी एकदाही बटण दाबलं नव्हतं. शॉक कधी बसेल हे माहीत नसणं, हीच खरी शिक्षा असते. ज्या पोराला बोलून सांगता येत नाही, त्यानं ती चार महिने भोगली. दाजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

त्या भांडणापायी मी बरंच वाचलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत अशा मुलांना अंगावर बांधलेल्या यंत्रानं शॉक देत असत. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२० साली अशा यंत्रांवर बंदी घातली, २०२१ मध्ये कोर्टानं ती उठवली. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये तर २०१० पासून कुत्र्यालाही हा पट्टा घालायला बंदी आहे. आपल्याकडे अपंग व्यक्तीला क्रूर वागणुकीपासून संरक्षण २०१६ च्या कायद्यातच दिलंय.

एक मात्र खरं, हा पट्टा घरातल्या २३० व्होल्टसारखा जीव घेत नाही, त्याचा झटका क्षणभराचा असतो. पण पेसमेकर असेल, हृदयाचा त्रास असेल, फिट येत असतील तर तेवढाही नको. फिजिओथेरपीवाले दुखण्यावर करंट देतात, तेही गळ्याच्या पुढच्या बाजूला लावत नाहीत.

तुम्ही पट्टा कोणासाठी विचारताय ते लिहिलेलं नाही. घरातून निघून जाणाऱ्या माणसासाठी असेल तर दाराला वरच्या बाजूला कडी बसवा, दारावर घुंगरू बांधा, त्याच्या शर्टाच्या आत फोन नंबर शिवा. बहिणीच्या घरची कडी मीच बसवली, दाजी कामावर गेलेले असताना.