परदेशात राहिल्यामुळे कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला खरंच काही मिळतं का?

मिळतं, आणि नुसत्या सुंदर देखाव्यांपेक्षा अंगवळणी पडलेल्या सवयी मोडतात त्यातून जास्त मिळतं.

मी गोव्यातल्या फोंड्याचा, काही वर्षं पोर्तुगालमध्ये लिस्बनला होतो. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, आपल्याकडे सातच्या सुमारास. आता समजा, तुळशीपुढे दिवा लावणारी एखादी आजी तिथे मुलाकडे राहायला आली आहे. घड्याळात सात वाजलेत आणि बाहेर लख्ख ऊन. दिवा लावायचा की थांबायचं? एवढ्यावर कथा उभी राहते. पाऊसही उलटा, उन्हाळा कोरडा आणि पाऊस मुख्यतः हिवाळ्यात. मे महिन्यात सुक्या बांगड्यांच्या, सोलांच्या पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या बेगमीची आठवण येते, पण भरायचं कशासाठी?

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. लांब गेल्यावर आपलं गाव नीट दिसायला लागतं. चिऱ्याच्या भिंतीवरचं शेवाळ, पागोळ्यांनी अंगणात पाडलेली खळग्यांची रांग, हे सगळं माझ्या लिखाणात आलं ते तिथे बसून.

जाणार असाल तर सुरुवातीच्या दिवसांत रोज टिपणं काढा. डोळा सरावला की बारकावे निसटतात. किल्ले-चर्च सगळेच बघतात, तुम्ही बसथांबा आणि कोपऱ्यावरची बेकरी बघा. जाणं जमणार नसेल, तर आखातात किंवा जहाजावर नोकरी केलेली माणसं गोव्यात गावोगाव आहेत. त्यांना विचारा, सकाळी उठल्यावर खिडकीतून काय दिसायचं.