गुण आला, पण कशामुळे?

प्रश्न : माझ्या वडिलांना गुडघेदुखीचा जुना त्रास आहे. शहरातील एका केंद्रात त्यावर नवे इंजेक्शन देतात. अनेकांना गुण आला असून सरकारी मान्यता तेवढी कागदपत्रांत अडकली आहे, असे तेथे सांगतात. रुग्ण बरे होत असताना चाचण्यांसाठी वर्षानुवर्षे थांबायचे कशाला?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. गडग्याचे चिरे हलवताना विंचू चावला, की अजूनही कोणी ना कोणी तो उतरवणाऱ्याचे नाव सुचवतो, आणि उतरवून घेतलेल्यांपैकी बहुतेक जण खरोखरच बरे होतात. कारण बहुतेक दंशांत नुसत्या वेदना होतात आणि त्या आपोआप ओसरतात. मंत्राविना काय झाले असते, हे मंत्र न घातलेले तसेच रुग्ण पाहिल्याशिवाय कळणार नाही. गुडघेदुखीही कमीजास्त होणारीच आहे. दुखणे टिपेला पोहोचल्यावर माणूस दवाखान्याची पायरी चढतो, त्यामुळे पुढे काहीही टोचले तरी बऱ्याच जणांना थोडा उतार पडतोच.

लाल विंचवाचे विष मात्र जीवघेणे ठरू शकते. त्याने रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांना रक्तदाबावरचे प्राझोसिन देण्यास सुरुवात केल्यावर मृत्यूंचे प्रमाण इतके घटले, की औषध न देता काही रुग्ण तुलनेसाठी ठेवणे अनैतिकच ठरले असते. म्हणजे प्रत्येक वेळी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेच पाहिजेत, असे नाही. परंतु इतका ढळढळीत फरक दाखवणारी औषधे फार थोडी (गुडघ्याच्या इंजेक्शनांकडून तर ती अपेक्षाच नको).

पुढचा प्रश्न अधिक नाजूक होता : प्राझोसिन हाताशी असताना प्रतिविषाने आणखी काही साधते का? ट्युनिशियातील 825 रुग्णांच्या, 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट प्रतिविष देण्याचा फायदा आढळला नव्हता, पण तिथले विंचू वेगळ्या जातीचे. म्हणून महाडमध्ये 70 रुग्णांचे, कोणाच्याही मर्जीवर न सोडता, दोन गट पाडण्यात आले. प्राझोसिन सर्वांनाच मिळाले, प्रतिविष फक्त एका गटाला. दहा तासांत बरे झालेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात 35 पैकी 32 होते, दुसऱ्या गटात 35 पैकी 8. हे निष्कर्ष 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

उलट घडलेलेही आपल्या स्मरणात असेल. 2020 मध्ये करोनाच्या रुग्णांसाठी प्लाझ्मादाते शोधत नातेवाईक वणवण फिरत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 39 रुग्णालयांतील 464 रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा आजार बळावण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत 19 टक्के आणि न घेतलेल्यांत 18 टक्के निघाले. प्लाझ्मा घेऊन बरे झालेले तेव्हाही पुष्कळ होते.

आता आपल्या वडिलांविषयी. भारतातील चाचण्यांची नोंदवही सर्वांना खुली आहे. केंद्राकडे तिच्यातील नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत मागा. रीतसर चाचणी असेल, तर 2019 च्या नियमांनुसार तिच्यामुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क असतो. क्रमांक नाही आणि इंजेक्शनचे पैसे मात्र आगाऊ मागतात, असे असल्यास ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे यांचा गुडघेदुखीवरचा उपयोग तुलना करूनच सिद्ध झालेला आहे. तेवढे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आजच सुरू करता येईल.