वाचकांचे प्रश्न : गमबुटात शिरलेला माल

प्रश्न : मी नाशिकमध्ये बांधकामावर मुकादम आहे. गेल्या महिन्यात स्लॅब भरताना आमच्या एका बिगाऱ्याच्या गमबुटात सिमेंटचा ओला माल शिरला. दिवसभर त्याची काही तक्रार नव्हती. रात्री मात्र नडगीवरची कातडी काळपट पडून सोलली. आम्ही हळद आणि खोबरेल तेल लावले, तेव्हा डॉक्टर रागावले. आमचे कोठे चुकले? डोळ्यात चुना उडाला तर काय करावे?

उत्तर : रात्रीच्या हळदीच्या आधी दुपारीच चूक झाली होती. पाणी मिसळताच सिमेंट तीव्र अल्कधर्मी होते, त्याचा सामू (pH) 12 ते 13पर्यंत जातो आणि ते त्वचेतील स्निग्धांशाचा अक्षरशः साबण करत आत उतरते. सुरुवातीला फारसे दुखत नाही, आणि दुखू लागते तोवर बराच खोल अपाय झालेला असतो. म्हणून ‘काही होत नाही’ या मजुराच्या शब्दावर न जाता गमबूट आणि मोजा तत्काळ उतरवावा, कारण भिजलेला मोजा तो माल कातडीला चिकटवून ठेवतो. स्त्री कामगारांची पैंजणे, जोडवी आणि पायातला काळा दोराही काढावा. कोरडी पूड असेल तर ती आधी झटकावी आणि मग वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटे पाय धुवावा. लिंबू किंवा व्हिनेगर लावून ‘उतारा’ करू नये. हळदीने जखमेचा रंग झाकला जातो आणि तेल डॉक्टरांना पुन्हा पुसावे लागते. त्यांचा राग त्यासाठीच असावा. धुतल्यावर स्वच्छ, कोरडे कापड सैल गुंडाळून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

चुना डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे तेथे एक मिनिटही दवडू नये. डोळा चोळू न देता डोके त्या बाजूला कलते करावे, पापण्या बोटांनी उघड्या धरून नाकाकडून कानाकडे पाण्याची धार 20 ते 30 मिनिटे सोडावी आणि मग लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. हे पाणी ज्या पिंपात थापी आणि घमेली धुतली जातात त्यातले घेऊ नका. तेही सिमेंटचेच पाणी असते. स्वच्छ पाण्याचा झाकण असलेला वेगळा कॅन स्लॅबच्या मजल्यावरच ठेवावा, कारण चार जिने उतरून नळ गाठण्यात मोलाची मिनिटे जातात.

प्रश्न : परांचीवरून पडलेल्याला रिक्षात घालून न्यावे का?

उत्तर : नाही. हातापायांना धरून उचलल्यास मणक्याची दुखापत वाढून कायमचे अपंगत्व येऊ शकते. वरून काही कोसळण्याचा धोका नसेल तर त्याला हलवू नये, उठवून पाणी पाजू नये. एकाने दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरावे, दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबावे, परंतु शरीरात सळई घुसली असेल तर ती उपसू नये. नव्या वसाहतीतल्या साइटला बहुधा पत्ताच नसतो, तेव्हा फोनवर जवळची ठळक खूण सांगून एका माणसाला मुख्य रस्त्यावर उभे करावे.