पिवळ्या बाणापाशी सही करू नका

प्रश्न : लेकीचं लग्न २०१९ साली लातूरला आपल्या हिंदू रीतीनं झालं. जावई न्यू जर्सीत, लेक दीड वर्षापासून माहेरी. आता तिथल्या कोर्टाचे घटस्फोटाचे कागद कुरियरनं आलेत. जावई म्हणतो, ‘इथं अमेरिकेचाच कायदा लागतो.’ खरं आहे का?
– एक वडील, औसा तालुका

उत्तर : काका, तिथलं कोर्ट तिथला कायदा लावेल. पण तो निकाल इथं मानायचा का, हे आपलं कोर्ट ठरवतं. आणि ठरवताना लग्न कोणत्या कायद्याखाली लागलं, ते बघतं.

१९७५ साली तिरुपतीला लग्न झालेल्या एका जोडप्याचं असंच झालं. नवऱ्यानं ९० दिवसांचं वास्तव्य दाखवून अमेरिकेतल्या मिसुरीत घटस्फोट मिळवला, दुसरं लग्नही केलं. बायकोनं इथूनच हरकत घेऊन उत्तर पाठवलं होतं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटस्फोट मानला नाही. ‘संसार मोडला, आता जुळत नाही’ एवढं कारण हिंदू विवाह कायद्यात नाही, आणि त्या बाईनं त्या कोर्टाचा अधिकारही मानला नव्हता.

मात्र तिनं स्वखुशीनं संमती दिली, तर तोच घटस्फोट इथंही चालतो. माझ्याकडं आलेल्या उदगीरच्या एका मुलीला कागदांवर जागोजागी पिवळे चिकट बाण लावून पाठवले होते. पोच द्यायची समजून तिनं बाणापाशी सह्या केल्या. ती संमती होती. ते निस्तरताना लेकरू पार खचलं. म्हणून सांगते, इंग्रजी कागद वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही नाही.

गप्पही बसू नका. एकतर्फी निकाल झाला तरी तिकडं तो चालेलच. तिथल्या वकिलामार्फत, फक्त त्या कोर्टाच्या अधिकारालाच हरकत घेणारं उत्तर पाठवा. आणि २००३ पासून बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. तिला न्यू जर्सी गाठायची गरज नाही.

पण आधी लेकीला विचारा, तिला काय हवंय. नांदायचंय, पोटगी हवी, की तिलाही फारकतच हवी? फारकतच हवी असेल तर पोटगी आणि अंगावरचं सोनं लेखी ठरल्यावरच संमती द्या.

कुरियरचं पाकीट फेकलं नसेल ना? त्यावरची तारीख लागेल. कागदांसकट तेही घेऊन या.